९५ कसोट्या, गुण नावापुरते: टाइटहेड प्रॉपची कारकीर्द वाचायची कशी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: रग्बीतला वेल्सचा निवृत्त प्रॉप (पहिल्या फळीत ढकलण्याचं काम करणारा गडी) ॲडम जोन्स याच्या नावावर वेल्सकडून ९५ कसोट्या आहेत, पण ट्राय (चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवून मिळवलेले गुण) शोधावे लागतात. सुरुवातीच्या वर्षांत प्रशिक्षक त्याला अर्ध्या तासात बाहेर बोलवायचे आणि २०१४ मधल्या शेवटच्या कसोटीतही तो ३१व्या मिनिटाला बाहेर गेला. मग जाणकार त्याला थोर का म्हणतात? आणि ३३व्या वर्षी तो एकाएकी नकोसा का झाला?

गोंधळ जोन्समुळे झालेला नाही, तो तक्त्यामुळे झालाय. रग्बी युनियनच्या नोंदींत सामने, ट्राय, गुण आणि कार्डं एवढंच मिळतं आणि प्रॉपच्या मुख्य कामाशी यातल्या कशाचाच फारसा संबंध नाही. यष्टिरक्षकाला नुसत्या फलंदाजीच्या सरासरीवर तोलण्यातला हा प्रकार. न्यूझीलंडचा ओवेन फ्रँक्स १०८ कसोट्या खेळला आणि एकही ट्राय केला नाही. त्याच्याच फळीतला टोनी वुडकॉक याने २०११ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात न्यूझीलंडचा एकमेव ट्राय केला आणि सामना ८-७ असा जिंकला गेला. या दोन आकड्यांवरून दोघांत डावंउजवं करायला गेलात तर फसगत ठरलेली.

प्रॉपचं मुख्य काम स्क्रममध्ये असतं; तिथे दोन्ही संघांचे आठ-आठ गडी वाकून एकमेकांना भिडतात आणि चेंडूसाठी ढकलतात. कुठल्याही प्रॉपची कारकीर्द समोर आली की मी आधी त्याच्या पाठीवरचा आकडा बघतो. १ म्हणजे लूजहेड, ३ म्हणजे टाइटहेड, मध्ये २ नंबरचा हुकर, म्हणजे पायाने चेंडू मागे ओढणारा. नवख्याला दोन्ही प्रॉप सारखेच वाटतात, पण कामात मोठा फरक आहे. लूजहेडचं डोकं बाहेरच्या बाजूला असतं. प्रतिस्पर्ध्याला त्याचा उजवा खांदा भिडतो, डावी बाजू मोकळी राहते. टाइटहेडचं डोकं समोरच्या लूजहेड आणि हुकर यांच्यामध्ये शिरतं. त्याचे दोन्ही खांदे अडकलेले असतात आणि दोन माणसांचा दाब त्याच्या मानेवर येतो. मागून स्वतःचे लॉक (दुसऱ्या फळीतले दोघे) आणि फ्लँकर (कडेचे दोघे) ढकलत असतात ते वेगळंच. दोन्ही बाजूंचे आठ-आठ धरले तर प्रत्येक फळीचं वजन ९०० किलोच्या आसपास जातं. म्हणून टाइटहेडच्या मागे सहसा दोन लॉकपैकी जास्त जड गडी लावतात. स्वतःच्या संघाचा चेंडू असताना टाइटहेड निदान जागचा हलला नाही तरी काम झालं. तो मागे सरकला, की स्क्रम त्याच्या बाजूने फिरतो आणि सगळ्यात मागच्या नंबर ८ ला चेंडू नीट उचलताच येत नाही.

जोन्स टाइटहेड होता, आणि चांगले टाइटहेड कमी असतात. व्यावसायिक बाजारात त्यांना भाव मिळतो तो यामुळेच. न्यूझीलंडचा टाइटहेड कार्ल हेमन २००७ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला गेला तेव्हा तो जगातल्या सर्वाधिक मानधन घेणाऱ्या खेळाडूंत गणला गेला. पुढे फ्रान्समधल्या तूलों संघाने २०१३, २०१४ आणि २०१५ असे लागोपाठ तीन युरोपीय करंडक जिंकले त्यातही तो होता. एवढे पैसे कोणी ट्रायसाठी देत नाही.

स्क्रममधून मिळतं काय, ते आकड्यांत मांडता येतं. आधुनिक कसोटीत साधारण डझनभर स्क्रम होतात; १९८० च्या दशकात याच्या दुपटीहून जास्त व्हायचे. संख्या घटली, पण एकेका स्क्रमची किंमत वाढली. समोरचा प्रॉप कोसळला किंवा तिरका घुसला, तर पेनल्टी मिळते. अंतर जवळचं असेल तर गोलवर किक मारून तीन गुण. लांब असेल तर चेंडू बाहेर मारायचा आणि पुढच्या लाइनआउटला (रेषेबाहेरून चेंडू आत फेकून खेळ सुरू करतात तेव्हा) चेंडू पुन्हा आपलाच. म्हणजे स्वतःच्या गोलरेषेजवळ अडकलेला संघ एका स्क्रमवर मैदानाच्या मध्यापर्यंत सुटू शकतो. त्याच चुका वारंवार झाल्या तर पिवळं कार्ड, दहा मिनिटं एक गडी कमी. वरचढ ठरलेल्या प्रॉपच्या नावावर यातलं काही चढत नाही. गुण किक मारणाऱ्याच्या खात्यात जातात.

म्हणून दुसरी पायरी अशी: त्याच्या स्वतःच्या ओळीपेक्षा त्याच्या समोर उभं राहिलेल्या माणसाचं काय झालं ते बघा. जोन्सच्या बाबतीत तीन सामने पुरेसे आहेत.

पहिला, जून २००९, डर्बन. ब्रिटिश अँड आयरिश लायन्स (इंग्लंड, वेल्स, स्कॉटलंड आणि आयर्लंड यांचा संयुक्त संघ) विरुद्ध दक्षिण आफ्रिका, पहिली कसोटी. दक्षिण आफ्रिकेचा लूजहेड टेंडाई म्टावारिरा याने इंग्लंडचा विश्वविजेता टाइटहेड फिल विकरी याला पहिल्या डावात पेनल्ट्यांनी हैराण केलं. दुसऱ्या डावाच्या सुरुवातीला विकरीच्या जागी जोन्स आला आणि स्क्रमचा रंगच पालटला. लायन्स तो सामना २६-२१ असा हरले. तक्त्यात जोन्सच्या नावापुढे दिसतं ते एवढंच, ‘बदली खेळाडू, पराभव’.

दुसरा, पुढच्याच आठवड्यात प्रिटोरियाला. या वेळी तो सुरुवातीपासून खेळला आणि लायन्स आघाडीवर होते. दुसऱ्या डावात रकमध्ये (जमिनीवरच्या चेंडूभोवतीच्या झटापटीत) दक्षिण आफ्रिकेच्या बाकीस बोथाच्या धडकेने जोन्सचा खांदा निखळला आणि जवळपास त्याच सुमाराला लूजहेड गेथिन जेंकिन्सही गालाचं हाड मोडून बाहेर गेला. बाकावर एकच प्रॉप होता. पुढचे स्क्रम बिनलढतीचे झाले, म्हणजे कोणी ढकलायचंच नाही. लायन्सची मोठी ताकद तिथेच संपली आणि शेवटच्या क्षणी मॉर्ने स्टेनच्या पेनल्टीवर दक्षिण आफ्रिका २८-२५ जिंकली. आता २३ जणांच्या संघात पहिल्या फळीचे किमान सहा प्रशिक्षित खेळाडू लागतात, म्हणजे तिन्ही जागांना एकेक बदली. त्यामागचं कारण या सामन्यावरून समजतं. अननुभवी माणूस पहिल्या फळीत घातला तर मानेला गंभीर इजा होऊ शकते, त्यामुळे ‘चालवून घेऊ’ म्हणायची सोय नाही.

तिसरा, जुलै २०१३, सिडनी. ऑस्ट्रेलियाविरुद्धची निर्णायक कसोटी लायन्सने ४१-१६ जिंकली. पहिला ट्राय दुसऱ्याच मिनिटाला लूजहेड ॲलेक्स कॉर्बिसिएरोने केला. ऑस्ट्रेलियाचा टाइटहेड बेन अलेक्झांडर पहिल्या डावातच पिवळं कार्ड घेऊन बाहेर बसला. जोन्स त्या मालिकेतल्या तिन्ही कसोट्यांत सुरुवातीपासून होता. त्याआधी मार्चमध्ये कार्डिफला वेल्सने इंग्लंडला ३०-३ हरवलं, तेव्हा त्याच्यासमोरचा तरुण लूजहेड जो मार्लर दुसऱ्या डावाच्या सुरुवातीलाच बदलावा लागला होता. अशा नोंदी जुळवत गेलात की प्रॉपचं चित्र तयार होतं.

चित्रफीत बघताना चेंडूकडे बघू नका. प्रॉपचे कंबर आणि कोपर हे दोनच भाग बघा. टाइटहेड उजवा हात समोरच्याच्या डाव्या दंडाच्या बाहेरून नेऊन त्याच्या पाठीवर किंवा कुशीवर जर्सी पकडतो. बाही, दंड किंवा कॉलर धरणं चालत नाही. कोपर खांद्याच्या रेषेत वर राहिलं तर पकड मजबूत. कोपर जमिनीकडे वळलं तर तो ओढतोय असं रेफरीला दिसतं, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. कंबर खांद्याच्या बरोबरीने किंवा जरा खाली हवी. गुडघ्याचा कोन साधारण ११० ते १२० अंश. पाय फार मागे गेले तर छाती जमिनीला टेकते; फार जवळ राहिले तर ढकलायला वावच उरत नाही. टाइटहेडचं ढुंगण बाहेरच्या बाजूला फिरायला लागलं की समजायचं, तो सरळ ढकलत नाही, आत हुकरकडे तिरका घुसतोय. लूजहेडचं डोकं खाली आणि कंबर वर गेली तर तो कमरेतून मोडलाय. कोसळलेल्या स्क्रममध्ये आधी कोण मोडला ते याच खुणांवरून कळतं, आणि त्यासाठी फीत बाजूच्या कोनातून, निम्म्या वेगाने बघावी लागते.

इथे एक अडचण कबूल करायला हवी. स्क्रममधली पेनल्टी एकट्या प्रॉपची नसते. हुकरने जोर दिला नाही, मागचा लॉक उशिरा आला, फ्लँकर सुटा राहिला, तरी बदनाम प्रॉपच होतो. शिवाय रेफरीला दिसतं एकाच बाजूचं. २००३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात रेफरी आंद्रे वॉटसन इंग्लंडच्या स्क्रमला वारंवार दंड करत होते. जादा वेळेत विकरीऐवजी जेसन लेनर्ड आला. त्याने समोरच्याला चिरडण्याचा नाद केला नाही. स्क्रम सरळ आणि स्थिर ठेवला, रेफरीला शंका घ्यायला जागाच दिली नाही. इंग्लंड जिंकलं. लेनर्डच्या ११४ कसोट्यांत ट्राय एकच आहे, १९९६ मध्ये अर्जेंटिनाविरुद्धचा. त्या जादा वेळेतल्या स्थिर स्क्रमची नोंद कुठल्याच रकान्यात नाही. म्हणून एखाद्या सामन्यावरून प्रॉपला नावं ठेवू नका आणि डोक्यावरही घेऊ नका. वेगवेगळे हुकर, वेगवेगळे लॉक, वेगवेगळे रेफरी असूनही तोच निकाल दिसत असेल, तर तो त्याचा.

आता मिनिटांकडे येऊ, कारण मूळ प्रश्नाचा जीव तिथे अडकलाय. प्रॉप ५० ते ५५व्या मिनिटाला बाहेर गेला तर ती नामुष्की नसते. ठरलेला बेत असतो. १२० किलोच्या आसपासचा माणूस एका स्क्रममध्ये जेवढा जोर लावतो, त्यानंतर त्याला लगेच उठून रकमध्ये धावायचं असतं, लाइनआउटला उडी घेणाऱ्याला मांडीपाशी धरून वर उचलायचं असतं, टॅकल करायचे, म्हणजे चेंडू घेऊन येणाऱ्याला पाडायचं असतं. दमलेला प्रॉप आधी मानेतून नाही, कमरेतून ढिला पडतो, आणि तिथून पेनल्ट्या सुरू होतात. त्यामुळे बाकावरचा प्रॉप आधीच मोजून ठेवलेला असतो. २०१९ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेने आठ राखीवांत सहा फॉरवर्ड, म्हणजे स्क्रममध्ये खेळणारे, घेतले होते. म्टावारिरा दुसऱ्या डावाच्या सुरुवातीला निघून गेला, तोवर त्याने काम फत्ते केलं होतं. समोर इंग्लंडचा टाइटहेड काइल सिंकलर तिसऱ्याच मिनिटाला डोक्याला मार लागून बाहेर गेला होता आणि डॅन कोलला जवळजवळ पूर्ण सामना ओढावा लागला. ताज्या दमाच्या लूजहेडसमोर दमलेला टाइटहेड, हे गणित सुटणारं नव्हतं. दक्षिण आफ्रिका ३२-१२ जिंकली. मिनिटांच्या हिशेबात त्या दिवशी कोल जास्त खेळला आणि म्टावारिरा कमी. कोणाचा सामना चांगला गेला?

जोन्सची पहिली आणि शेवटची ‘अर्ध्या तासाची’ बदली मात्र या ठरलेल्या बेतातली नव्हती, आणि दोन्हींची कारणं वेगवेगळी आहेत. २००३ च्या सुमाराला प्रशिक्षक स्टीव्ह हॅन्सन त्याला लवकर बाहेर काढायचे, कारण स्क्रम उत्तम असला तरी बाकीच्या खेळात दम टिकत नव्हता. पुढे वॉरन गॅटलंडच्या काळात वजन आणि दम दोन्हींवर काम झालं. २००५, २००८ आणि २०१२ अशा तीन ग्रँड स्लॅमच्या (युरोपातल्या सहा देशांच्या वार्षिक स्पर्धेतले सगळे सामने जिंकण्याच्या) संघांत तो होता. २०११ च्या विश्वचषक उपांत्य सामन्यात तो सुरुवातीलाच जखमी होऊन गेला आणि वेल्स फ्रान्सकडून ९-८ हरलं. सॅम वॉरबर्टनच्या लाल कार्डाची चर्चा इतकी झाली की ही दुखापत विसरली गेली. माझ्या मते तीही तितकीच महागात पडली.

शेवटचं कारण नियमांत आहे. २००७ पासून रेफरीचा पुकारा ‘क्राउच, टच, पॉज, एंगेज’ असा होता. दोन्ही फळ्या अंतर ठेवून उभ्या राहायच्या आणि शेवटच्या शब्दावर आदळायच्या. जो आधी आणि जोरात आदळला त्याने निम्मी लढाई जिंकली. जड, स्फोटक टाइटहेडला हे मानवायचं. २०१३ च्या हंगामापासून पुकारा ‘क्राउच, बाइंड, सेट’ झाला. आदळण्याआधीच पकड घ्यायची, त्यामुळे फळ्यांमधलं अंतर कमी झालं. बाथ विद्यापीठातल्या मोजमापांत या पद्धतीने आदळण्याचा जोर जवळपास पाव हिस्सा कमी होतो असं दिसलं होतं, आणि मान-पाठीचं रक्षण हाच बदलाचा हेतू होता. पण जोर आदळण्यातून गेला तो टिकून ढकलण्यात आला. स्क्रम जास्त वेळ चालू लागला, हुकरला पुन्हा पायाने चेंडू ओढावा लागला, आणि त्या काही क्षणांत त्याचा एक पाय ढकलण्यातून सुटल्याने प्रॉपवर भार वाढला. तिशी उलटलेल्या, आदळण्यावर वर्षानुवर्षं तंत्र बसवलेल्या माणसाला हे बदलणं जड जातं. पायांची सुरुवातीची जागाच बदलते, आणि ती सवय मोडायला एक हंगामही अपुरा पडतो. जून २०१४ मध्ये डर्बनला जोन्स ३१व्या मिनिटाला बाहेर आला तो या पार्श्वभूमीवर. जानेवारी २०१५ मध्ये त्याने आंतरराष्ट्रीय निवृत्ती जाहीर केली. क्लबसाठी मात्र तो कार्डिफ आणि मग हार्लेक्विन्सकडून २०१८ पर्यंत खेळला. मुळात संपलेला खेळाडू आणखी चार वर्षं वरच्या दर्जाच्या क्लबमध्ये टिकत नाही. राष्ट्रीय संघाला नव्या नियमांसाठी नवा माणूस घडवायचा होता, एवढं म्हणणं जास्त योग्य.

वयाबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. कडेने वेगात धावणारा विंगर चोविशीत बहरतो, प्रॉपचा बहर साधारण २७ ते ३२ मध्ये येतो. मान, पाठ आणि पकडीचं शहाणपण व्यायामशाळेत मिळत नाही, ते हजारो स्क्रममधून अंगात भिनतं. त्यामुळे उशिरा सुरुवात केलेलेही वर पोहोचतात. आयर्लंडचा जॉन हेस अठराच्या आसपास रग्बीकडे वळला, आधी लॉक होता, न्यूझीलंडमध्ये असताना प्रॉप झाला आणि २०१० मध्ये १०० कसोट्या गाठणारा पहिला आयरिश खेळाडू ठरला. त्याच्या १०५ कसोट्यांकडे बघताना हेही बघा की बराच काळ आयर्लंडकडे त्याच्या तोडीचा दुसरा टाइटहेड नव्हता. कसोट्यांची संख्या कधी खेळाडूचा दर्जा सांगते, कधी देशातली टंचाई. हेसच्या बाबतीत दोन्ही.

बाजू बदलणं हाही कारकिर्दीतला मोठा टप्पा असतो आणि नोंदीत तो दिसत नाही. लेनर्ड दोन्ही बाजूंना खेळायचा. असे फार थोडे. लूजहेडला टाइटहेड करायचं तर मानेवरचा भार, पुढचा पाय, पकडीचा हात सगळं उलटं होतं. घाई केली तर पहिल्या काही महिन्यांत पाठ धरते किंवा मानेतली नस दबते.

निवृत्ती बहुधा त्या मानेतूनच येते. खालच्या मणक्यांमधल्या चकत्या, विशेषतः पाचवा-सहावा आणि सहावा-सातवा मणका यांच्यामधल्या, झिजतात. हाताला मुंग्या येणं वेगळं, आणि मुठीची ताकद कमी होणं वेगळं. दुसरं दिसलं की सराव बंद करून स्कॅन. लेनर्डच्या मानेची शस्त्रक्रिया १९९२ मध्ये झाली, कमरेच्या हाडाचा तुकडा मणक्यांत बसवला, आणि त्यानंतर तो आणखी बारा वर्षं आंतरराष्ट्रीय रग्बी खेळला. प्रत्येकाला हे जमत नाही. किती मणके जोडले, मज्जारज्जूला जागा किती उरली, यावर सगळं अवलंबून. डोक्याचे धक्के मात्र स्क्रमपेक्षा टॅकलमध्ये जास्त बसतात. हेमनने २०२१ मध्ये, वयाच्या ४१व्या वर्षी, आपल्याला स्मृतिभ्रंशाचं निदान झाल्याचं उघड सांगितलं.

खेळ थांबल्यावर पहिली अडचण ताटातली असते. सरावाच्या काळात दिवसाला ४,००० कॅलरींच्या वर खाणारा माणूस सराव थांबवतो, भूक थांबत नाही. वजन आठवड्याला अर्धा ते एक किलो एवढ्याच गतीने उतरवावं, आणि मान-पाठीचा हलका व्यायाम एकदम सोडू नये; आधार देणारे स्नायू गेले की जुन्या चकत्या बोलायला लागतात. मानेचा घेर ४३ सेंटिमीटरच्या वर आणि जोरात घोरणं असेल तर झोपेत श्वास अडकतो का ते तपासून घ्यावं. प्रॉपमध्ये हे हमखास दुर्लक्षित राहतं, कारण जाड मान ही त्याच्या धंद्याची खूणच.

जोन्स पुढे काय करतो, हेही तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. खेळ थांबवल्यावर तो हार्लेक्विन्सचा स्क्रम प्रशिक्षक झाला. २०२१ मध्ये त्या क्लबने इंग्लंडची प्रीमियरशिप लीग जिंकली, तेव्हा संघाचा मुख्य लूजहेड होता जो मार्लर. कार्डिफला २०१३ मध्ये जोन्ससमोरून ज्याला काढावं लागलं होतं, तोच. त्याचे २०१३ चे आणि २०२१ चे स्क्रम शेजारी-शेजारी लावून कंबर आणि कोपर बघा.